मागणारा नसलेले देणे

शिकागो शहराचा हिवाळ्यातला नियम अगदी नेमका आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळात पडलेला बर्फ घरमालकाने त्याच रात्री दहाच्या आत आपल्या घरापुढच्या पदपथावरून काढायचा. रात्रीतून पडलेला बर्फ दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत. वाट किमान पाच फूट रुंद हवी. बॉस्टनमध्ये मुदत आणखी कमी, बर्फ थांबल्यापासून तीन तास, आणि रुंदी किमान ४२ इंच. तासांचा आणि इंचांचा हिशेब ठेवणाऱ्या या नियमांत शेजारच्या घरापुढचा बर्फ मात्र कुठेच नाही. तो काढा असे कायदा सांगत नाही, न काढल्यास दंड करत नाही, काढल्यास शाबासकीही देत नाही. तरीही या शहरांतल्या असंख्य गल्ल्यांमध्ये कोणी ना कोणी आपली हद्द संपल्यावर फावडे ठेवून देत नाही. पुढच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायऱ्यांपर्यंत वाट मोकळी करूनच घरात जातो. हद्दीपलीकडच्या या दहा-वीस फुटांना नैतिक भाषेत काय म्हणायचे, एवढाच इथला प्रश्न आहे. ती मेहेरबानी, की उद्याच्या परतफेडीवर डोळा ठेवून केलेली देवघेव, की कर्तव्य? आणि कर्तव्य असेल तर कोणाचे, कोणाप्रती? माझ्या मते ते ऋण आहे, मात्र चमत्कारिक जातीचे. या ऋणाला ऋणको आहे, धनको नाही. ज्याच्या दारात ते फेडले जाते त्याला ते मागण्याचा हक्क नाही, आणि तरीही ते चुकवणारा माणूस काहीतरी बुडवत असतो.

शेजारधर्माची परीक्षा बर्फातच का घ्यायची, याचे कारण बर्फाच्या स्वभावात आहे. तीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब अशा एका गाडीपुरत्या ड्राइव्हवेवर फूटभर ताजा, भुसभुशीत बर्फ साचला, तर त्याचे वजन सुमारे पाचशे किलो भरते. तोच बर्फ ओला असेल तर वजन दीड टनाच्या घरात जाते. त्यात नगरपालिकेचा प्लाऊ रस्ता साफ करत जातो तेव्हा प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशी दाबून घट्ट झालेल्या बर्फाचा बांध रचून जातो. सार्वजनिक सोय झाली की खाजगी अडचण वाढते. उशीर केला तर वितळलेले पाणी रात्री गोठते आणि फावड्याचे काम पहारीवर जाते. तिशीतल्या माणसाला हा तासाभराचा व्यायाम असतो, पंचाहत्तरीतल्या माणसाला जिवाचा धोका. अमेरिकेतल्या १९९० ते २००६ या काळाचा अभ्यास सांगतो की बर्फ काढताना झालेल्या इजांमुळे दरवर्षी सरासरी साडेअकरा हजार लोक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात पोहोचले, आणि त्या १७ वर्षांत १,६४७ जण हृदयविकाराने दगावले. म्हणजे हे संकट गल्लीवर एकाच रात्री आणि एकाच मापाने येते, त्यात कोणाचा दोष नसतो, पण ते पेलण्याची कुवत घरागणिक वेगळी असते. कर्ज, आजार, बेकारी यांच्याबद्दल ‘त्याचे त्याने ओढवून घेतले’ अशी पळवाट मनाला सापडते. बर्फात ती सापडत नाही. प्रश्न निखळ स्वरूपात समोर येतो : दोष कोणाचाच नाही, ताकद माझ्याकडे आहे, गरज त्याला आहे, मग काय?

शिवाय पदपथ ही वस्तूच अशी की ती तुकड्यातुकड्यांनी उपयोगी पडत नाही. गल्लीतल्या वीस घरांपैकी एकोणीस घरांनी आपापला भाग चोख साफ केला आणि एकाने केला नाही, तर व्हीलचेअरवरच्या माणसाला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला, काठी टेकत औषधांच्या दुकानाकडे निघालेल्या आजोबांना पंच्याण्णव टक्के पदपथ मिळत नाही. त्यांच्यापुरता तो बंदच असतो. अर्थशास्त्रज्ञ जॅक हर्शलायफर यांनी १९८३ मध्ये एका काल्पनिक बेटाचे उदाहरण देऊन हीच रचना मांडली होती. बेटावरचा प्रत्येक रहिवासी आपापल्या जमिनीच्या कडेला समुद्राविरुद्ध बांध घालतो, पण सगळ्या बेटाचे संरक्षण सर्वांत बुटक्या बांधाइतकेच राहते. बाकीच्यांनी आपले बांध कितीही उंच केले तरी उपयोग नाही. या मांडणीतून निघणारे नैतिक अनुमान महत्त्वाचे आहे. कायदा कर्तव्याची वाटणी मालकीनुसार करतो : तुझ्या जमिनीपुढचे तुझे, माझ्यापुढचे माझे. ही वाटणी सोयीची आहे आणि बहुतेकांना पुरतेही. पण जिथे एखाद्याची कुवतच संपते, तिथे मालकीची रेघ निरर्थक ठरते. तिथून पुढे आपल्याच अंगणाला आणखी चकचकीत करणे म्हणजे आधीच उंच असलेल्या बांधावर माती टाकत राहणे. समाईक वाट खरोखर राखायची असेल, तर आपला भाग संपल्यावर उरलेली ताकद सर्वांत दुबळ्या दुव्यापाशीच न्यावी लागते.

यावर पहिला आक्षेप व्यवहारवाद्यांचा. यात धर्म कसला, ते म्हणतील. हा शहाणा स्वार्थ आहे. आज मी त्याच्या दारातला बर्फ काढतो, उद्या तो माझ्या दारातला काढील. डेव्हिड ह्यूमने १७४० मध्ये दोन शेतकऱ्यांचे उदाहरण देऊन असेच म्हटले होते : एकाचे पीक आज कापणीला आले, दुसऱ्याचे उद्या येईल, परस्परांबद्दल माया नसली तरी मदत करण्यात दोघांचा फायदा आहे, आणि भरवसा नसेल तर दोघांचेही पीक वाया जाईल. आपल्याकडे सावड म्हणतात ती हीच. दोघांकडे एकेक बैल, मग जोडी जुळवायची आणि दोन्ही शेते आळीपाळीने नांगरायची. जपानच्या शिराकावा-गो खोऱ्यात जाड गवती छपरे शाकारण्यासाठी सगळे गाव एकत्र येते, त्या ‘युइ’ नावाच्या प्रथेचाही पाया हाच. खेळ-सिद्धान्ताने तर अशा एका परिस्थितीला बर्फाचेच नाव दिले आहे, ‘स्नोड्रिफ्ट गेम’. रस्त्यावरच्या बर्फाच्या ढिगाऱ्यामुळे समोरासमोर दोन गाड्या अडकल्या आहेत. दोघांनी उपसले तर काम निम्मे निम्मे, एकाने उपसले तरी वाट दोघांना मोकळी, कोणीच न उपसल्यास दोघेही अडकून. दुसरा जागचा हललाच नाही, तर आपण एकट्याने उपसणेही अडकून पडण्यापेक्षा परवडते. म्हणजे पक्का आपमतलबी माणूसही इथे कधीतरी फावडे उचलतो. मग शेजारधर्म नावाचे वेगळे काही मानायची गरजच काय?

या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो ज्याचा उलगडा करतो ती गोष्ट आपल्या प्रश्नातली नव्हे. ढिगाऱ्यापाशी अडकलेल्या दोघांची वाट एकच असते. इथे माझी वाट मोकळी झालेली आहे, माझी गाडी रस्त्याला लागू शकते, आणि शेजारणीच्या पायऱ्यांवरचा बर्फ तसाच राहिला तरी माझे काही अडत नाही. तरीही फावडे पुढे सरकते, त्या क्षणाबद्दल आपण बोलत आहोत. शिवाय या खेळाचा गणिती अभ्यासच एक वेगळी गोष्ट सांगतो. क्रिस्टोफ हाउअर्ट आणि मायकेल डोबेली यांनी २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की खेळाडू केवळ लगतच्या शेजाऱ्यांशीच खेळतात अशी रचना केली, तर या खेळात सहकार्य अनेकदा वाढण्याऐवजी घटते. शेजारी राहिल्याने आपोआप मदतीची वृत्ती येते, हा आपला आवडता समज गणिताला मान्य नाही. भिंतीला भिंत लागून असणे ही केवळ परिस्थिती आहे. समोरचा उपसतोच आहे हे दिसत असले की हात बांधून उभे राहण्याचा मोह जवळच्यालाच जास्त होतो. तेव्हा शेजारामुळे शेजारधर्म निर्माण होत नाही; तो दुसरीकडून आणावा लागतो.

देवघेवीच्या युक्तिवादाची खरी मर्यादा जपानच्या बर्फाळ पट्ट्यात उघडी पडते. जपानच्या भूभागाचा सुमारे निम्मा हिस्सा कायद्याने अतिहिमवृष्टीचा प्रदेश म्हणून घोषित आहे. त्यासाठीचा खास कायदा १९६२ चा. नीगाता, अकिता, यामागाता या भागांत छपरावरचा बर्फ वेळच्या वेळी उतरवला नाही तर घरच दबते. तरुण शहरांकडे गेले, गावांत वृद्ध उरले, आणि सावडीचे गणित बिघडले. २००५-०६ च्या हिवाळ्यात जपानमध्ये बर्फामुळे १५२ जणांचा बळी गेला. त्यांतले बहुसंख्य पासष्टीच्या पुढचे, आणि बहुतेकांचा मृत्यू छपरावरचा किंवा दारातला बर्फ काढताना झाला. ज्या गल्लीत सगळेच ऐंशीचे आहेत, तिथे ‘आज मी, उद्या तू’ या वचनाला अर्थ राहत नाही, कारण उद्या कोणाच्याच हातात बळ नसणार. देवघेव समबळांमध्ये चालते. गरज सर्वांत तीव्र होते ती मात्र बळ विषम झाल्यावर, म्हणजे नेमकी देवघेव बंद पडते तेव्हा. मदतीचा पाया परतफेडीवरच असता तर अशा ठिकाणी ती संपायला हवी होती. ती संपत नाही. लांबच्या शहरांतून स्वयंसेवक येतात, छपरांवर चढतात आणि परत जातात. ज्यांच्या छपरावर ते चढले, ते वृद्ध त्यांच्या शहरात जाऊन त्यांचे काही करू शकणार नाहीत, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही हा फरक कळत होता, म्हणून त्यांनी सावडीबरोबर इर्जिकही ठेवली. ज्याचे शेत अडले आहे त्याच्याकडे गावाने बैल-औतांसह जायचे, दिवसभरात काम उरकायचे, मजुरी घ्यायची नाही, फक्त जेवायचे. सावडीत हिशेब असतो, इर्जिकीत हिशेब मिटवण्याची युक्ती असते. ते जेवण घेणाऱ्याला मिंधेपणातून सोडवते.

देवघेव नाही, तर मग दान म्हणावे का? दुसरे उत्तर हे, आणि ऐकायला ते अधिक उदात्त आहे. आधुनिक नीतिशास्त्रात जे. ओ. उर्मसन यांनी १९५८ मध्ये ‘संत आणि वीर’ यांच्यावर लिहिलेल्या निबंधाने ही चर्चा पुन्हा सुरू केली. कृत्यांची विभागणी आवश्यक, निषिद्ध आणि चालण्याजोगी एवढ्यावर संपत नाही. कर्तव्याच्या पलीकडची, केली तर थोर आणि न केली तर दोष नाही अशीही कृत्ये असतात, असे त्यांचे म्हणणे. शेजारणीच्या पायऱ्या साफ करणे या चौथ्या कप्प्यात टाकायचा मोह होतो. पण ते तिथे बसत नाही. अर्ध्या तासाच्या श्रमाला संतत्व लागत नाही, वीरत्व तर नाहीच. आणि ‘न केल्यास दोष नाही’ हेही पटत नाही. तीन दिवस समोरच्या आजारी माणसाचे दार बर्फाने बंद आहे, आपल्या गॅरेजमध्ये चालू स्थितीतला स्नोब्लोअर आहे, आणि आपण खिडकीतून पाहतो आहोत. अशा माणसाबद्दल ‘त्याने फार थोर काम करण्याची संधी सोडली’ असे कोणी म्हणत नाही. त्याचे चुकले, असेच म्हणतात. दानाची भाषा घेणाऱ्यावरही अन्याय करते. दान म्हटले की एक हात वर येतो आणि एक खाली जातो. उत्तर अमेरिकेतले किंवा जपानमधले कितीतरी वृद्ध मदत नाकारतात आणि स्वतः फावडे घेऊन बाहेर पडतात, त्याच्या मुळाशी हा खालचा हात होऊ न देण्याचा हट्ट असतो, आणि त्याची किंमत कधीकधी जिवाने मोजावी लागते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना जे निकष लावले आहेत ते या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखे आहेत : द्यायलाच हवे या बुद्धीने, जो उलट उपकार करू शकणार नाही त्याला, आणि योग्य स्थळ-काळ पाहून दिलेले. परतफेडीच्या आशेने किंवा कुरकुरत दिलेले दान तिथे राजस ठरते. म्हणजे दानाचे सर्वांत वरचे रूप वर्णन करताना त्यातून मर्जी काढून टाकली आहे आणि तिच्या जागी ‘द्यायलाच हवे’ हे बंधन ठेवले आहे. दान इतके शुद्ध झाले की ते दान राहत नाही, देणे होते.

देणे कोणाचे, याचा माझ्या माहितीतला सर्वांत चांगला खुलासा बर्फाशी काहीच संबंध नसलेल्या एका प्राचीन ग्रंथात आहे. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणात असतो ही तैत्तिरीय संहितेतली कल्पना सर्वपरिचित आहे. शतपथ ब्राह्मणात या तिघांबरोबर चौथे ऋण येते ते मनुष्यांचे, आणि ते फेडायचे आश्रय आणि अन्न देऊन. यात दोन गोष्टी चकित करणाऱ्या आहेत. एक म्हणजे हे ऋण कोणतेही कर्ज न काढता अंगावर आलेले आहे. करार नाही, सही नाही. दुसरी म्हणजे ते अमुक माणसाचे नसून मनुष्यमात्राचे आहे. ज्याने मला कधीकाळी आसरा दिला तो कदाचित हयातही नसेल. फेड होते ती आज दारात आलेल्या, माझ्यावर कसलाच उपकार न केलेल्या पाहुण्याच्या ठिकाणी. बाकीची तीन ऋणे ज्यांची आहेत ते सगळे एका अर्थी आपल्याआधीचे किंवा आपल्याहून वरचे; हे चौथे आपल्या बरोबरीच्यांचे, म्हणून तेच विसरायला सर्वांत सोपे. बर्फाळ शहरात पहिल्यांदाच हिवाळा काढणाऱ्या नवागताची स्थिती या कल्पनेचा पुरावा म्हणावा अशी असते. पुण्या-नागपुराहून शिकागोला किंवा टोरांटोला गेलेले कुटुंब तिथे उतरते तेव्हा रस्ते मोकळे असतात, कोपऱ्यावरच्या पायवाटा उघडलेल्या असतात, आणि पहिल्या मोठ्या हिमवर्षावात फावडे कसे धरावे हे कोणीतरी दाखवते. एक फावडेही विकत घेण्याआधी ते कुटुंब ऋणी झालेले असते. ज्यांचे ऋण, ते पुढच्या वर्षी घर विकून फ्लोरिडाला गेले तर ते फिटणार कुठे? पुढच्या नवागताच्या दारात, दुसरीकडे कुठे नाही.

धनको नसलेले ऋण ही नुसती शब्दांची कसरत वाटत असेल, तर रस्त्याच्या कडेच्या हायड्रंटकडे पाहावे. अग्निशमन दलाला पाणी देणारा हा नळ बर्फात गाडला गेला तर आग लागल्यावर तो शोधून उकरण्यात मोलाची मिनिटे जातात. तो कोणाच्याच हद्दीतला नसतो, आणि त्यातून कोणाचे घर वाचेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते. बॉस्टनमध्ये २०११ च्या सुमारास ‘कोड फॉर अमेरिका’ या संस्थेच्या तरुणांनी एक संकेतस्थळ बनवले, ज्यावर नागरिकाने एखादा हायड्रंट आपला म्हणून नोंदवायचा आणि बर्फ पडल्यावर तो मोकळा ठेवायचा. इथे घेणारा समोर नाही, आभार मानणारा नाही, कदाचित कधीच नसेल. काम मात्र बंधनकारक आहे, कारण ते न करण्याची किंमत कोणाला तरी नक्की मोजावी लागणार. शेजारणीच्या पायऱ्या आणि हा नळ यांत तत्त्वतः फरक नाही. पायऱ्यांच्या बाबतीत घेणाऱ्याला चेहरा असतो, म्हणून आपण त्याला उपकाराचा विषय समजण्याची चूक करतो. ल्यूकच्या शुभवर्तमानातला शास्त्री ‘माझा शेजारी कोण’ असे विचारतो तेव्हा त्याला कर्तव्याची हद्द आखून हवी असते, शिकागोच्या नियमासारखी. उत्तरादाखल येशूकडून त्याला मिळालेल्या, वाटेत पडलेल्या एका जखमीच्या गोष्टीच्या शेवटी प्रश्नच उलटतो : त्या जखमीचा शेजारी कोण ठरला? हद्द बाहेर आखलेली नसते, वागण्याने ती ठरते.

आता सर्वांत अवघड आक्षेप. शेजारी म्हातारा नाही, आजारी नाही, नुसता आळशी आहे. लोक आपले करतात हे त्याला कळले आहे आणि तो खिडकीत कॉफी पीत बसतो. धनको नसलेले ऋण असल्या माणसापुढेही फेडायचे का? याचे उत्तर इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या यहुदी मिश्नात, ‘बावा मेत्सिया’ या प्रकरणात, थक्क करणाऱ्या स्पष्टतेने दिलेले आहे. बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकाची आज्ञा अशी की तुझ्या द्वेष्ट्याचे गाढव ओझ्याखाली कोलमडलेले दिसले तरी त्याच्याबरोबर राहून ओझे उतरव. मिश्ना विचारते, की मालक बाजूला जाऊन बसला आणि म्हणाला, आज्ञा तुला आहे, तेव्हा तूच उतरव, तर? तर तू मोकळा आहेस, कारण आज्ञा त्याच्याबरोबर काम करण्याची आहे. पण मालक वृद्ध किंवा आजारी असेल, तर एकट्यानेही उतरवणे तुला बंधनकारक आहे. पुढे तालमूद हा मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ आणखी एक कडक गोष्ट सांगतो : मित्र आणि वैरी दोघांच्याही जनावरांना मदत हवी असेल तर आधी वैऱ्याकडे जा, म्हणजे मनाच्या ओढीला वेसण बसेल. या दोन निर्णयांत शेजारधर्माचा संपूर्ण कायदा आहे. निकष आवडीचा नाही, पात्रतेचाही नाही; निकष कुवतीचा आहे. आळशाचे ऋण आपल्यावर नाही, कारण तोही त्याच ऋणाचा ऋणको आहे आणि त्याला सूट देणे म्हणजे त्याचा हिस्सा इतरांवर लादणे. पण असमर्थ माणूस कितीही तिरसट असला, निवडणुकीत कोणत्याही पक्षाची पाटी अंगणात लावणारा असला, तरी त्याची वाट मोकळी झालीच पाहिजे.

याच्या अगदी उलट टोकाची वृत्तीही त्याच शहरांत, त्याच फावड्याने जन्माला येते. शिकागोत रस्त्यावरची आपली गाडी बर्फातून उकरून काढली की त्या मोकळ्या जागेत जुनी खुर्ची किंवा प्लास्टिकचा कोन ठेवून ती जागा राखण्याची पद्धत आहे. तिथे तिला ‘डिब्स’ म्हणतात. शिकागोच्या कायद्याला ती मान्य नाही. बॉस्टनने हिम-आणीबाणी उठल्यानंतर ४८ तासांपुरती तिला मुभा दिली आहे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनवर नऊ फुटांहून अधिक बर्फ पडला तेव्हा अशा जागांवरून भांडणे किती विकोपाला जाऊ शकतात हे शहराने पाहिले. डिब्समागचा विचार जॉन लॉकच्या १६८९ च्या ग्रंथातला आहे : समाईक वस्तूत मी माझे श्रम मिसळले, म्हणून ती माझी. तो विचार पोकळ नाही. तीन तास घाम गाळून केलेली जागा दुसऱ्याने आयती बळकावणे अन्याय्य वाटते, आणि तसे वाटणे रास्त आहे. पण लॉकनेच अट घातली होती की इतरांसाठी तितकेच आणि तसेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, आणि बर्फाने आकसलेल्या गल्लीत ते कधीच शिल्लक नसते. तेव्हा श्रमातून हक्क निर्माण होतो हे मान्य करूनही, श्रमातून फक्त हक्कच निर्माण होतो हे मान्य करण्याचे कारण नाही. ज्या सकाळी खुर्ची ठेवणारा आपल्या श्रमांची पावती मागतो, त्याच सकाळी पदपथ साफ करणारा आपले श्रम बेपावती सोडून देतो. गल्ली चालते ती या दोघांतल्या दुसऱ्याच्या जिवावर.

तिसरा आक्षेप राजकीय आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. शेजारधर्माचे गोडवे गाणे म्हणजे नगरपालिकेची जबाबदारी नागरिकांच्या पाठीवर टाकणे, असे म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे. माँट्रियल शहर सुमारे दहा हजार किलोमीटर रस्ते आणि पदपथ स्वतः साफ करते. टोरांटोने गेल्या काही वर्षांत जवळजवळ सगळ्या पदपथांवर यंत्रे फिरवायला सुरुवात केली. जिथे हे शक्य आहे तिथे ते व्हायलाच हवे. जे ऋण कराच्या रूपाने सर्वांकडून वसूल होऊ शकते ते चार सज्जनांच्या भलेपणावर सोडणे अन्यायाचे आहे, कारण मग भलेपणाला शिक्षा होते. कायद्याने आणखी एक काम करावे : मदतीच्या आड येणारे आपलेच अडथळे दूर करावेत. मॅसॅच्युसेट्समध्ये शंभरहून अधिक वर्षे असा न्यायनियम होता की नैसर्गिकरीत्या साचलेल्या बर्फावर घसरून कोणी पडले तर मालक जबाबदार नाही. त्यातून बर्फाला हात न लावणेच सुरक्षित असा समज रुजला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो नियम रद्द केला. इलिनॉयने १९७९ मध्येच कायदा करून पदपथ साफ करणाऱ्या घरमालकाला, हेतुपुरस्सर बेपर्वाई नसेल तर, दाव्यांपासून संरक्षण दिले. पण यंत्र पदपथापर्यंत येते, पायरीपर्यंत येत नाही; कायदा काढणाऱ्याला वाचवतो, न काढणाऱ्याला बाहेर आणत नाही. करांनी आणि यंत्रांनी कितीही पल्ला गाठला तरी शेवटचे दहा फूट उरतात, आणि दार उघडले आहे की नाही हे पाहणारी नजर कोणत्याही खात्याकडे नसते. म्हणून शेजारधर्म हा शासनाला पर्याय नाही, आणि शासन हे शेजारधर्माला पर्याय नाही.

शेवटचा आक्षेप मोजमापाचा. धनको नसेल तर ऋण किती हे सांगणार कोण, आणि फिटले कधी म्हणायचे? कांटने परोपकाराला अपूर्ण कर्तव्य म्हटले ते यासाठीच : किती करावे, कोणासाठी करावे, यात कर्त्याला मोकळीक राहते. ही मोकळीक पळवाट होऊ शकते हे खरे, पण बर्फ स्वतःच बऱ्यापैकी माप पुरवतो. शेजाऱ्याचा सगळा ड्राइव्हवे आरशासारखा करणे हे ऋण नव्हे. दारापासून रस्त्यापर्यंत माणूस पडल्याशिवाय चालू शकेल आणि रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर आत येऊ शकेल एवढी वाट, हे ऋण. आपले हृदय कमकुवत असेल तर फावडे उचलणे हे ऋण नव्हे. फोन करून चौकशी करणे, एखाद्या मुलाला पैसे देऊन काम करवून घेणे, शहराच्या स्वयंसेवकांना कळवणे हेही तेच ऋण. यथाशक्ती हा शब्द आपण वर्गणीच्या पावतीवर संकोचाने लिहितो, पण इथे तो काटेकोर नियम आहे : शक्ती असेल तेवढे, आणि शक्ती आहे तोवर. तरुणपणी बारा हिवाळे दुसऱ्यांच्या पायऱ्या साफ केल्या म्हणून ऋण फिटत नाही, आणि म्हातारपणी एकही साफ करता आली नाही म्हणून ते वाढतही नाही.

ही मांडणी मान्य केली तर दोन्ही बाजूंचे वागणे बदलते, आणि या सिद्धान्ताची खरी कसोटी तीच आहे. बर्फ काढणाऱ्याला आभारांची वाट पाहण्याचे कारण राहत नाही, कारण त्याने दिलेले त्याचे नव्हतेच. नाराज होऊन पुढच्या वेळी न जाण्याचे कारणही उरत नाही. ज्याच्या दारात वाट झाली, त्याला लाजेने दार लावून घेण्याची किंवा बळेच पाकीट पुढे करण्याची गरज नाही. तो भिकारी नाही आणि गिऱ्हाईकही नाही, तो त्या फेडीचा आजचा पत्ता आहे. काल तोच ऋणको होता. उद्या कदाचित आज फावडे धरणारा त्याच्या जागी असेल, आणि त्या वेळी येणारे हात तिसऱ्याच कोणाचे असतील. म्हणून मदत नाकारून एकट्याने छपरावर चढणारा स्वाभिमानी म्हातारा मला आदरणीय वाटतो, पण बरोबर वाटत नाही. दुसऱ्याला आपल्या दारात ऋण फेडू देणे हेही या चौथ्या ऋणाचे एक अंग आहे. ज्या समाजात सगळेच द्यायला तयार आणि घ्यायला कोणीच राजी नाही, तिथे माणुसकी फार दिसेल, पण शेजारधर्म चालणार नाही.